कुत्र्याच्या शेपटीबद्दल आभार

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघड लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "परतीची तारीख बघा" म्हणून विषय संपवता. तुमचं नाव मात्र घालत नाही. ती अट तुमची, आणि तुमची अट मोडायची माझी छाती नाही.

ग्रंथालयात तुमच्या टेबलापाशी मी आलो तो नाक कापलं गेल्यावर. कला, खेळ आणि इतिहासातल्या झगमगत्या माणसांवरच्या पुस्तकांची ओळख करून देणारं सदर मी नुकतंच एका नियतकालिकात सुरू केलं होतं. पहिला लेख मुष्टियोद्धा मुहम्मद अलीच्या १९७५ च्या आत्मचरित्रावर. हॉटेलात काळा म्हणून हाकललं, तेव्हा १९६० च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक त्याने ओहायो नदीत भिरकावलं, हा प्रसंग मी अगदी गळा दाटून लिहिला. आठवड्याभरात एका वाचकाचं पत्र आलं: पदक नदीत गेलं नाही, हरवलं, असं अलीच्या जवळच्यांनीच सांगितलंय, शिवाय ते आत्मचरित्र अलीच्या नावावर असलं तरी लिहिणारा हात रिचर्ड डरॅमचा. तुम्ही हे तपासलंत का? संपादकांनी पत्र छापलं. मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मी तुमच्याकडे येऊन म्हणालो, असल्या माणसांची खरी पुस्तकं द्या. तुम्ही विचारलंत, "असल्या म्हणजे कसल्या?" आणि माझी बोलती बंद. रंगेल म्हटलं तर बाईलवेडा वाटतो. भडक म्हटलं की नाक मुरडल्यासारखं होतं. ऐटबाज हा कपड्यांपुरता, विक्षिप्त ही वेगळीच जात, आणि नखरेल म्हटलं की पुरुष सुटतात. तुम्ही पाच-सहा शब्द कागदावर लिहिलेत, एकेक करून खोडलेत आणि म्हणालात, "शब्द राहू द्या. हा वाचा." प्लुटार्क! मला आतिषबाजी हवी होती आणि तुम्ही हातात दिलात तो एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक चरित्रकार.

त्यातला अल्किबियाडीस मी त्या रात्री दोनदा वाचला. अथेन्सचा देखणा, उधळ्या सेनापती. सत्तर मिना, म्हणजे त्या काळची बक्कळ रक्कम, मोजून त्याने कुत्रा घेतला आणि त्याची सुंदर झुपकेदार शेपूट कापून टाकली. गावभर छी-थू झाली. मित्र समजावायला गेले तर हा हसतोय: लोकांनी शेपटीबद्दलच बोलावं, म्हणजे माझ्याबद्दल याहून वाईट बोलायला त्यांना सवड राहणार नाही. पुस्तक परत करताना मी हा किस्सा खदखदून सांगितला. तुम्ही हसला नाहीत. एवढंच विचारलंत, "मग त्याहून वाईट ते काय होतं?"

मॅडम, माझं सदर या एका प्रश्नावर चाललंय.

दुसरी तुमची शिस्त जोडीची. असल्या माणसाचं एक पुस्तक तुम्ही कधी दिलंच नाहीत. एक त्याच्या बाजूचं, एक दुसऱ्या कोणाचं. मला वाटायचं ही तुमची खोड, पण प्लुटार्कनेही माणसं जोड्यांनीच मांडलीत, एक ग्रीक आणि एक रोमन, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा मी गप्प झालो. अल्किबियाडीसबरोबर तुम्ही त्याच्याच काळातला इतिहासकार थ्युसिडिडीस दिलात. आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केल्यामुळे आकडा जुळला नाही की मला चैन पडत नाही. अल्किबियाडीसने ऑलिंपियाच्या शर्यतीत एकट्याने सात रथ उतरवले. थ्युसिडिडीसने अल्किबियाडीसचं एक भाषण दिलंय, त्याप्रमाणे ते पहिले, दुसरे आणि चौथे आले. नाटककार युरिपिडीसच्या स्तुतिगीतात मात्र पहिले, दुसरे आणि तिसरे. प्लुटार्क दोन्ही नोंदवून पुढे जातो. मी म्हटलं, चौथाच खरा; फुशारकी मारणारा माणूस स्वतःच्या भाषणात नंबर कशाला कमी करून सांगेल? तुम्ही शांतपणे म्हणालात, "भाषण थ्युसिडिडीसने लिहिलंय." आणि ते भाषण कशासाठी होतं तेही मला पुन्हा वाचायला लावलंत. सिसिलीवरच्या स्वारीसाठी! रथांची ऐट मिरवत हा माणूस सभेकडून एक युद्ध मागत होता, आणि त्या युद्धात अथेन्सचं आरमार बुडालं. शेपटीमागे काय होतं, ते तिथे कळलं.

चेलिनीवरून आपलं भांडण झालं ते मला अजून गोड वाटतं. फ्लॉरेन्सचा हा सोनार-शिल्पकार १५५८ च्या सुमारास काम करता करता एका पोराला आपलं चरित्र सांगत गेला. ते छापलं गेलं १७२८ मध्ये, तो गेल्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. किती थापा! १५२७ मध्ये रोमवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांचा सेनापती, बूर्बाँचा ड्यूक, माझ्याच गोळीने पडला, असं तो सुचवतो. स्वतःच्या हातून झालेले खून लपवत नाही, उलट रंगवून सांगतो. तुम्ही त्याला थापाड्या म्हणून मोकळ्या झालात. आणि दुसऱ्या पुस्तकातून मला दाखवून दिलंत की हे सगळं सांगायला सुरुवात केली तेव्हा तो एका खटल्यातल्या शिक्षेपायी घरातच अडकलेला होता, आणि त्याबद्दल एवढा बोलका माणूस धड काही बोलत नाही. हे मान्य. पण ग्रीक पुराणातल्या पर्सियसचा पुतळा ओतण्याचा प्रसंग तुम्ही पुन्हा वाचाच. भट्टीतला धातू गोठायला लागतो, तापाने फणफणलेला चेलिनी बिछान्यातून उठतो आणि घरातली कथलाची ताटं-थाळ्या, दोनशेच्या आसपास, भट्टीत फेकतो. कांस्य म्हणजे तांबं आणि कथील, त्यामुळे कथील वाढलं की रस पातळ होऊन धावतो. ही थाप असली तरी कारागिराची थाप आहे. पुतळा तर आजही फ्लॉरेन्सच्या चौकात उभा आहे. इथे मी तुमचं ऐकणार नाही.

जोसेफिन बेकरच्या बाबतीत तुमचा प्रश्न उलटा लागू पडला. पॅरिसच्या रंगमंचावर केळ्यांचा घागरा घालून नाचलेली ही बाई. दुसऱ्या महायुद्धात तिने फ्रेंच हेरखात्यासाठी काम केलं. गाण्यांच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईत मजकूर असायचा आणि सीमेवरचे अधिकारी तिची सही घेण्यात गुंग. इथे शेपटीमागे लपलेलं काही वाईट नव्हतंच. २०२१ मध्ये तिला पँथेऑनमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, स्थान मिळालं. हा लेख मी एका बैठकीत लिहिला. एकही खोडाखोड नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मग तुम्ही मला पुन्हा मुहम्मद अलीच्या वाटेला लावलंत. आता माझी भीती गेली होती. कुस्तीगीर गॉर्जस जॉर्ज, सोनेरी कुरळे केस, आखाड्यात अत्तर फवारणारा. १९६१ मध्ये लास व्हेगासला त्याला बघून कोवळ्या कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीला, कळलं की आपण हरावं म्हणून येणारेही तिकीट काढूनच येतात. बडबड त्याने अशी शिकून घेतली होती. आणि पदक? नदीत गेलं नसेल. पण सुवर्णपदक गळ्यात घालून आलेल्या मुलाला त्याच्याच गावात टेबल मिळत नव्हतं, हे खोटं नाही. दुरुस्तीचा लेख मी या वाक्यावर थांबवला. त्याच वाचकाचं पुन्हा पत्र आलं, दोन ओळींचं, आणि ते मी जपून ठेवलंय.

एक राहिलंच. प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला कॅसानोव्हा आयुष्याच्या शेवटी बोहेमियातल्या डुक्सच्या किल्ल्यात ग्रंथपाल होता, आणि आठवणींचं ते हजारो पानांचं बाड त्याने तिथेच बसून फ्रेंचमध्ये लिहिलं. हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी इतक्या महिन्यांत एकदाही बोलला नाहीत! पहिला खंड माझ्याकडे आहे, परतीची तारीख उलटून चार दिवस झालेत. दंड भरतो. त्याची जोडी तेवढी काढून ठेवा.

आपला,
सदरवाला