क्युरेटिंगनंतर पाळी घटली तर गोळ्यांआधी तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भपातानंतर, किंवा बाळंतपणात वारेचा तुकडा आत राहिला म्हणून क्युरेटिंग होतं, म्हणजे गर्भपिशवी आतून खरवडून साफ करतात. पुढे चार दिवसांची पाळी एका दिवसावर येते, नुसता डाग लागतो किंवा पाळी येतच नाही. घरी म्हणतात अशक्तपणा आहे, दवाखान्यात म्हणतात हार्मोन्स बिघडलेत, आणि गोळ्यांवर सहा-आठ महिने निघून जातात. दोष पुष्कळदा हार्मोन्सचा नसतोच. पिशवी आतून चिकटलेली असते.

गर्भपिशवीच्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला गळतो, खालचा तो पुन्हा तयार करतो. क्युरेट या खरवडण्याच्या धारदार हत्याराने खालचा थरही खरवडला गेला की उघड्या पडलेल्या समोरासमोरच्या भिंती व्रण धरून जुळतात. बाळंतपणानंतर २ ते ४ आठवड्यांनी केलेलं क्युरेटिंग यात सर्वांत वाईट, कारण तेव्हा पिशवी मऊ असते आणि अंगावर पाजणाऱ्या आईचं इस्ट्रोजेन कमी असतं. अस्तर लवकर भरून येत नाही. जोसेफ अॅशरमन यांनी १९४८ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून याला अॅशरमन सिंड्रोम म्हणतात.

एफएसएच, थायरॉइड, प्रोलॅक्टिन या हार्मोन्सच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल आणि तरी पाळी नाही. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचा पूर्ण कोर्स देऊनही अंगावरून जात नाही, तर गोळ्या वाढवून काही होणार नाही. दर महिन्याला ठरल्या वेळी कळा येतात पण रक्त येत नाही, तेव्हा पिशवीचं तोंड चिकटून रक्त आत साठत असण्याची शक्यता असते. साध्या सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसतं, पण चिकटलेला भाग निसटू शकतो. खात्री होते ती हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे दुर्बीण आत घालून प्रत्यक्ष पाहिल्यावरच.

क्युरेटिंग कधीच झालेलं नसेल, तर आपल्या देशात पहिला संशय जननमार्गाच्या क्षयाचा घ्यावा. इथे एक चूक सर्रास होते: अस्तराचा सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता येत नाही, कारण जंतू मरतात. अर्धा नमुना फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि अर्धा सलाइनमध्ये कल्चर व सीबीनॅटला (क्षयाच्या जंतूंचे जनुक शोधणारी तपासणी) गेला पाहिजे. क्षयाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, कोर्स साधारण ६ महिन्यांचा. त्याने जंतू जातात. गेलेलं अस्तर मात्र परत येईलच असं नाही, हे जोडप्याला आधीच सांगावं.

उपचार म्हणजे दुर्बिणीतून बारीक कात्रीने चिकटलेले पडदे सोडवणं. विजेच्या उपकरणाची उष्णता उरलेलं अस्तर भाजू शकते, म्हणून शक्य तिथे कात्रीच बरी. नंतर भिंती पुन्हा जुळू नयेत म्हणून आत काही दिवस फुगा किंवा काही आठवडे कॉपर नसलेली तांबी ठेवतात, सोबत बहुधा इस्ट्रोजेन देतात. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहायलाच हवं. 'पाळी आली ना, झालं' म्हणून ही फेरी टाळली जाते आणि पडदे पुन्हा धरतात. दिवस राहिले तरी वार खोलवर रुतण्याचा धोका असतो. अशा बाईचं बाळंतपण रक्तपेढी हाताशी असलेल्या रुग्णालयातच व्हावं.

यातलं बरंचसं टळू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांतच धारदार क्युरेटिंग कालबाह्य ठरवून हातपंपाचं सक्शन किंवा गर्भपाताच्या गोळ्या सुचवल्या आहेत. तरी 'एकदा पिशवी धुऊनच टाका' असा आग्रह नातेवाईकच धरतात, आणि सक्शननंतर खात्रीसाठी क्युरेट फिरवणारे आमचे व्यवसायबंधूही कमी नाहीत. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'डी अँड सी' (म्हणजे क्युरेटिंग) लिहून घेऊ नका. सक्शन केलं की क्युरेट वापरला, कितव्या आठवड्यात, नमुना कुठे पाठवला, हे लिहून मागा. पुढच्या डॉक्टरला नेमकं तेच लागतं.

आपले,
दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, सांगली