‘विसरून जा’ म्हणून विसरता येत नाही

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मन शांत ठेवण्याचे उपाय वाचले. दीर्घ श्वसन, पहाटेचे फिरणे, बातम्या कमी पाहणे. उपाय वाईट नाहीत, इथे वास्कोत बायणाच्या किनाऱ्यावर मीही पहाटे फिरते. पण कोविडमध्ये घरचे माणूस गेलेल्यांची बोळवण ‘झाले गेले विसरून जा’ एवढ्या एका ओळीत केली आहे, म्हणून हे पत्र.

माझे यजमान मे 2021 मध्ये गेले. त्या महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात दर दोन चाचण्यांमागे एक बाधित निघत होती. खाट मिळाली तरी नशीब, असे लोक म्हणत. ते इस्पितळात, मी घरात विलगीकरणात, मुलगा बोटीवर. 16 मे रोजी तौक्ते वादळ आले. माड कोसळले, वीज गेली ती येईना. इस्पितळातून कोणत्याही क्षणी फोन येईल आणि इकडे मोबाईलची बॅटरी उतरत चाललेली. शेजारचा मुलगा आपल्या मोटारीत तो चार्ज करून आणायचा. फाटकाला पिशवी अडकवायची, त्यात फोन ठेवायचा आणि तो परत येईपर्यंत ओसरीवर उभे राहायचे. नेमका तेवढ्यातच फोन आला तर? आजही बॅटरी निम्म्याखाली गेली की माझ्या छातीत धडधडते. एक चार्जर स्वयंपाकघरात, एक देवघराशेजारी, एक पर्समध्ये. मुलगी हसते. हसू दे.

ते गेल्यावर माझ्याकडे कोणी येऊ शकले नाही. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. वाड्यावरचे लोक पेज आणतात, बसून राहतात, गेलेल्याच्या खोडी सांगतात, मध्येच कोणाला हसूही फुटते. त्या बसण्यात काय असते ते तेव्हा कळले. शेजारच्या ख्रिस्ती बाईने पेजेचे भांडे आणि खारातले तोर, म्हणजे कैऱ्या, बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, ठेवले, लांबूनच हात जोडले आणि गेली. तेवढेच काय ते समाचाराला येणे. बाराव्याचे विधी भटजींनी फोनवरून सांगितले. पुढे निर्बंध उठले, लोक भेटू लागले, तोवर त्यांच्या लेखी गोष्ट जुनी झाली होती. “वयनी, आता पुरे,” असे मला बाजारात सांगण्यात आले. माझ्या लेखी अजून सुरुवातही झाली नव्हती.

दुःख आणि धास्ती एकत्र नांदतात, पण त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा उमगले. दुःखाचे मी फारसे वाकडे मानत नाही. छत्तीस गुण जुळवून केलेला संसार होता, तो आठवणारच. जाच धास्तीचा. रुग्णवाहिकेचा भोंगा, रात्रीचा फोन, नातवाला आलेला साधा खोकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत लांबलेल्या शोकाचीही नोंद आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. (वर्षश्राद्ध होईपर्यंत घर दुखवट्यातच असते, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.) पण त्यांचा मुद्दा नुसत्या महिन्यांचा नाही. शोकामुळे माणसाचे रोजचे जगणेच थांबले, तर त्याला मदत लागते, एवढेच त्यांना म्हणायचे आहे आणि ते खरे आहे.

ही मदत कशी द्यायची, हे शोधायला दूर जायला नको. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत एक प्रयोग केला होता. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. नैराश्य आणि चिंतेने गांजलेल्या रुग्णांशी ते बोलत, त्यांचा पाठपुरावा करत. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा चांगला उपयोग झाला होता. जगाने ज्याची दखल घेतली ते आपल्या घरचे काम, आणि महामारीनंतर आपल्याला त्याची आठवण किती झाली?

ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा आहे. 14416 हा क्रमांक फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. त्याबद्दल तक्रार नाही, गरजूंनी जरूर लावावा. पण ज्या माणसाला फोनचीच धास्ती बसली आहे, त्याच्या हातात आणखी एक नंबर देऊन कसे भागायचे?

सध्या वास्कोत सप्ताहाची तयारी चालू आहे, म्हणून आणखी एक लिहिते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे साथ पसरली, तेव्हा लोक जांबावलीच्या श्री दामोदराला शरण गेले, प्रसादाचा नारळ आणला आणि अखंड भजन मांडले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. साथ भजनाने थांबली की कशाने, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यातली सोय दिसते. आजही चोवीस तास टाळ खाली ठेवला जात नाही. झोप उडालेल्या माणसाने रात्री दोन वाजता घराबाहेर पडावे आणि चारजणांत जाऊन बसावे, कोणी काही विचारत नाही. कोविडच्या साथीत तेही बंद झाले. सप्ताहाची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरली नाही, भजन मोजक्या लोकांत उरकले. करणे भाग होते, मान्य. पण जे बंद केले त्याच्या बदल्यात काय दिले?

आरोग्य केंद्रांच्या फलकावर लसीकरणाचा वार, तज्ज्ञ डॉक्टरांचा वार लिहिलेला असतो. त्याखाली समुपदेशनाचाही एक वार लिहावा. आठवड्यातली एक दुपार पुरे. फक्त त्यासाठी दार लावता येईल अशी खोली द्यावी. केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसांदेखत कोणी आपले दुःख सांगणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वास्को