दुकानवाल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. महाद्वार रोडच्या अलीकडच्या बोळातलं तुमचं वही-पेनचं दुकान ज्यांना ठाऊक आहे, ते ओळखतीलच.

२५ जूनची संध्याकाळ, पाऊस नुसता कोसळत होता. दुसऱ्या दिवशी शाहू जयंती, म्हणून मी कार्डशीट न्यायला आले होते. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे त्यावर लिहायचं होतं. सोबत सगळ्यात स्वस्तातल्या तीन डझन शिसपेन्सिली मागितल्या. तुम्ही विचारलंत, "मॅडम, वर्गात पोरं किती हाईत?" अठ्ठावीस. "मग किती दिवस पुरतील?" मी खरं ते सांगितलं, तीन आठवडे. दुसरीची पोरं ती. चावतात, हरवतात, टोक करता करता निम्मी संपवतात. तुम्ही स्टूल पुढं सरकवलंत आणि म्हणालात, "महाराजांनी पोरं शाळेत आणली, पेन्सिलीचं आपण बघायला नको व्हय? रोज काय संपतंय तेवढं लिवून द्या."

रोज काय संपतं, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पुस्तकं, गणवेश, पोषण आहार शासन देतं. शाळेला अनुदान येतं, पण वीजबिल आणि डागडुजी त्यातच भागवावी लागते. देणगीदार बाकं देतात, कपाट देतात, त्यांचेही आम्ही ऋणी आहोत. पण खडू, खोडरबर, शार्पनर, मेणखडू, डिंक, दशकाचे गठ्ठे बांधायला काड्या आणि रबर यांच्यावर कुणाचं नाव रंगवता येत नाही. ते बाईंच्या पर्समधून येतं.

तुम्ही यादीतलं सगळं दिलंत. आणि नोव्हेंबरात न सांगता दुसरा गठ्ठा पाठवलात, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी. बोलता बोलता मीच कधीतरी म्हटलं होतं, की कारखाने सुरू झाले की बीडकडची मुलं वर्गात येतात आणि तोवर सामान संपलेलं असतं. ते तुम्ही लक्षात ठेवलंत.

त्यातल्या एका मुलीचं सांगते. नवी पेन्सिल तिनं दोन दिवस दप्तराच्या तळाशी तशीच ठेवली आणि बोटभर थोटकानं लिहीत राहिली. टोक का करत नाहीस विचारलं तर म्हणाली, "बाई, संपंल की." मला पुढं बोलवेना. मी चंदगडकडच्या वाडीतली. वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. एक पेन्सिल ते विळीवर मधोमध कापायचे, अर्धी मला, अर्धी भावाला. डी.एड. होऊन नोकरी लागली, तरी अख्खी पेन्सिल हातात घेतली की अजून तो विळीचा आवाज आठवतो. मी तिच्या पेन्सिलीला माझ्या हातानं टोक केलं आणि संपली की दुसरी माझ्याकडून न्यायची, असं सांगितलं. हे तिला सांगता आलं ते तुमच्यामुळं, काका. खोक्यात खरंच दुसरी होती.

आता ती पाढे लिहिते, ओळी जरा वर चढतात. परवा तिनं मेणखडूनं बैलगाडी काढली आणि "पेन्सिलवाल्या आजोबांना द्या" म्हणून माझ्याकडं दिली. मी ती टपालानं पाठवणार नाही. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. एकदा दुकान जरा उशिरा उघडा आणि तिच्या हातून घेऊन जा.

तुमची,
दुसरीच्या वर्गाच्या बाई
जिल्हा परिषद शाळा, ता. करवीर