सगळ्यांनाच डायनासोर म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर 'डायनासोर ओळखा' म्हणून चार चित्रं होती आणि खाली उलटी छापलेली उत्तरं. माझ्या भाचीने पाठीवर शिडासारखा पडदा असलेल्या प्राण्यावर पेन्सिलने फुली मारली, बाजूला लिहिलं 'हा नाही', मग पेपर उलटा करून बघते तर चारही डायनासोर, तर बिचारीने खोडरबर घेऊन आपलं उत्तर पुसून टाकलं. मला खूप वाईट वाटलं, कारण तिचंच बरोबर होतं.

तो डायमेट्रोडॉन. साधारण २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा डायनासोर जन्मालाच आले नव्हते. टी-रेक्स हा डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला, म्हणजे काळाचा हिशोब केला तर टी-रेक्सला डायमेट्रोडॉनपेक्षा आपण जवळचे! आणि नात्यानेसुद्धा डायमेट्रोडॉन आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या बाजूचा आहे. त्याच्या कवटीत डोळ्यामागे दोन्हीकडे एकेकच भोक असतं, डायनासोरना दोन-दोन. आपल्याकडेही ती एकच जागा आहे, कानशिलावर बोटं ठेवून दात घट्ट आवळून बघा, जो स्नायू फुगतो तो त्याच जागेतून खाली जबड्याला जातो. भाचीला हे करायला लावलं तर दहा मिनिटं ती कानशील धरून दात आवळत बसली होती.

बाकीच्या चित्रांत ट्रायसेराटॉप्स तेवढा खरा डायनासोर. उडणारा तो टेरोसॉर, डायनासोरचा चुलतभाऊ म्हणा हवं तर, त्याचा अख्खा पंख हाताच्या एका लांबलचक चौथ्या बोटावर ताणलेला असायचा.

आणि माशासारखा दिसणारा इक्थिओसॉर हा समुद्रात राहणारा वेगळाच सरपटणारा प्राणी, अंडी न घालता पिल्लांना जन्म देणारा, पिल्लू शेपटीकडून बाहेर येत असतानाचे जीवाश्मसुद्धा सापडलेत. इंग्लंडमध्ये लाइम रेजिसच्या कड्यात १८११ मध्ये जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगच्या भावाला याचीच कवटी मिळाली आणि पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा मेरीने शोधला, तेव्हा ती जेमतेम १२-१३ वर्षांची होती. डायनासोर हा शब्दच रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये काढला, तोही जमिनीवरच्या तीन प्राण्यांच्या हाडांवरून. मग समुद्रातल्या नि हवेतल्या सगळ्यांना तेच नाव का चिकटवायचं? प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे हो, आणि मुलांना ती आवडते, अवघड नावं तर ती आपल्यापेक्षा पटापट पाठ करतात.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, चित्रासकट, दुरुस्ती छापा. आतल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, मुलं तिथे बघत नाहीत. मी तो जुना पेपर जपून ठेवलाय, पुसलेली फुली उजेडात धरली की अजून दिसते.

आपला एक वाचक