दहा ते बारा सेविकेला मुलांकडे राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या आवारात आणायच्या, पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिलीआधी बालवाटिका काढायची, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, तेव्हापासून हे चालू आहे. त्याला माझा विरोध नाही. पण या चर्चेत तीन-चार वर्षांच्या मुलाचे नाव कोणी काढत नाही, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, त्यातली बरीच वर्षे पहिलीच्या वर्गावर. अंगणवाडीतली मुले जूनमध्ये माझ्याकडे यायची. कोणत्या वस्तीवरच्या अंगणवाडीत काय झाले आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळायचे. एखादी मुलगी चपला बाजूला काढून आत येते, आपली पाळी येईपर्यंत थांबते, गोष्ट सांगताना मध्येच थांबलात तर “मग?” म्हणून विचारते. चिंचोके आणि सागरगोटे वेगळे करायला सांगितले तर करते, शिवाय “हे जास्त आहेत” असे आपणहून सांगते. तिला अक्षरओळख व्हायला वेळ लागत नाही. तिच्याच शेजारचा मुलगा दिवाळीपर्यंत पेन्सिल मुठीत धरतो, नाव विचारले की खाली बघतो. दोघांच्या घरची परिस्थिती सारखीच असते. फरक इतकाच, की तिच्याशी दोन वर्षे रोज कोणीतरी बोलले होते.

आता नातवाला सोडायला अंगणवाडीत जाते. परवाचीच गोष्ट. वेळ अकराची. सतरंजीवर मुले बसलेली, मदतनीस खिचडीच्या पातेल्याजवळ आणि सेविका दारात मोबाइल घेऊन उभी. ‘घरपोच आहार’ म्हणजे घरी नेऊन खायच्या आहाराचे पाकीट, ते न्यायला एक स्तनदा माता आली होती. आता पाकीट देण्याआधी तिचा चेहरा सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये टिपावा लागतो. तिची नोंदणी अर्धवट राहिलेली, ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा चाकणला कंपनीत पहिल्या पाळीला. फोन लागला तर तो उचलेना. उचलला तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पाठवला तर इकडे रेंज गेली. तोवर सतरंजीवर एका चेंडूवरून तिघांची जुंपली होती आणि माझा नातू भिंतीचे पोपडे काढत बसला होता. सेविका अधूनमधून वळून “बसा रे” एवढेच म्हणत होती. ती आळशी नाही. गेल्या महिन्यात तिनेच मुलांकडून भेंडीचे ठसे काढून घेतले होते. ते कागद अजून भिंतीवर आहेत.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्यात सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणे), आहार व आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. यातल्या आहाराचा हिशेब लागतो, वजन-उंचीची नोंद ॲपवर भरावी लागते, लसीकरणाची यादी लागते. मुलांना आज कोणती गोष्ट सांगितली, हे मात्र कोणी विचारत नाही. माणूस जे विचारले जाते तेच आधी करतो. वर निवडणूक आली की मतदार याद्या, एखादी योजना आली की तिचे अर्ज. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे अर्ज भरायलाही सेविकाच बसल्या होत्या. महिन्याचा अहवाल, रजिस्टरे, गृहभेटी तर ठरलेल्याच.

यामागे कायद्याचीही एक गंमत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिला आणि पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, त्यामुळे अंगणवाडीतला आहार हा मुलाचा हक्क झाला. तो मिळाला नाही तर दाद मागता येते. शिक्षणाचे तसे नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतली मुले मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४५ मध्ये राहिली, आणि या तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही तीन ते सहाच्या मुलांसाठी व्यवस्था करणे सरकारच्या मर्जीवरच ठेवले आहे. थोडक्यात, चार वर्षांच्या मुलाला खिचडी मागता येते, गोष्ट मागता येत नाही. खिचडी कमी महत्त्वाची असे मला म्हणायचे नाही. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत तिची किंमत काय आहे, ते मी पाहिले आहे.

पालकांच्या हे लक्षात येत नाही असे नाही. “अंगणवाडीत काय, नुसती खिचडी,” म्हणत ज्याला परवडते तो, आणि कित्येकदा न परवडणाराही, मुलाला इंग्रजी नर्सरीच्या पिवळ्या गाडीत बसवतो. तिथे चार वर्षांच्या मुलाला टाय बांधून ओळी गिरवायला लावतात आणि वर घरचा अभ्यास देतात. बालशिक्षण म्हणजे हे नव्हे. ज्या राज्यात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडला नेले, पाड्यावर जाऊन पाने, बिया आणि शिंपल्यांतून मुलांना शिकवले, त्या राज्यातल्या पालकाला टाय म्हणजेच शिक्षण वाटावे, याचा दोष पालकाला काय म्हणून द्यायचा? त्याने दुसरे काही बघितलेलेच नाही.

शाळेच्या आवारात अंगणवाडी नेण्याबद्दलही थोडे सांगते. गावठाणात ते सोयीचे आहे. वाडी-वस्तीवरच्या तीन वर्षांच्या मुलाने मात्र दोन किलोमीटर चालत यायचे कसे? आमच्या जुन्नरकडे तर उसात बिबट्या. कागदावर दोन अंगणवाड्या एका आवारात येतील आणि वस्तीवरचे मूल घरीच राहील.

माझी मागणी छोटी आहे. सकाळी दहा ते बारा सेविका फक्त मुलांची असावी. त्या वेळेत पाकीटवाटप नाही, ॲप नाही, फोनवरून माहिती मागवणे नाही आणि तालुक्याला बैठकही नाही. घरपोच आहाराचे वाटप महिन्यातल्या ठरलेल्या दुपारी करा. चेहरा टिपताना अडले तर आहार अडवू नका, वहीत सही किंवा अंगठा घ्या आणि नोंद मागाहून भरा. माहिती भरायला ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाची मदत देता येईल. (त्याचेही मानधन वेळेवर होत नाही म्हणतात, तो विषय वेगळा.) पर्यवेक्षिकाबाई भेटीला आल्या की रजिस्टर उघडण्याआधी अर्धा तास सतरंजीवर बसाव्यात आणि मुले काय करतात ते बघावे. याला नवा निधी लागत नाही, महिला व बालविकास विभागाचे एक परिपत्रक पुरेल. निवडणुकीची कामे कमी करायला मात्र जिल्हाधिकाऱ्यांनाही मनावर घ्यावे लागेल.

पैशाचा प्रश्न आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये सेविका संपावर गेल्या, २०२४ मध्ये सेविकेचे मानधन दहा हजारांवरून तेरा हजार झाले, वर प्रोत्साहन भत्ता आला. तरी ते मानधनच, पगार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा त्यांचे काम पूर्णवेळ असल्याचेही मानले. पूर्णवेळ काम आहे, तर त्यातले दोन तास मुलांच्या वाट्याला यायला हरकत कोणाची?

आपल्या तालुका वार्ताहरांना एक विनंती आहे. येत्या आठवड्यात कोणत्याही वारी, आधी न कळवता, सकाळी अकरा वाजता जवळच्या अंगणवाडीत जावे. सेविका कुठे आहे, मुले काय करत आहेत आणि भिंतीवर मुलांच्या हातचे काही लागले आहे का, एवढेच बघून छापावे. सेविकेचे आणि गावाचे नाव छापू नये, नाहीतर नोटीस तिलाच येईल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. जुन्नर, जि. पुणे