विषय : रेकॉर्ड प्लेयरच्या कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सचा '१२' हा आकडा १० हर्ट्झचा की १०० हर्ट्झचा, याचं उत्तर सहा फोन करूनही न मिळाल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी माझं सहाव्यांदा बोलणं झालं. एकूण सत्तेचाळीस मिनिटं, त्यातली एकतीस होल्डवर. त्या एकतीस मिनिटांत मी तीच ती बारा सेकंदांची बासरी ऐकली. फोन ठेवला आणि तसाच लिहायला बसलो. पत्रात कुठे तिखट लागलं तर ते त्या बासरीच्या खात्यावर टाका.

सुई बसवलेलं हे कार्ट्रिज तुम्हीच बनवता, तेव्हा कम्प्लायन्स म्हणजे काय हे तुम्हाला शिकवत नाही. हेल्पलाइनला चार वेळा शिकवून झालं आहे : सुई किती सहज लवते, त्याचा आकडा.

मी तुमचं एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज विकत घेतलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नव्या-जुन्या सर्व टोनआर्मसाठी', म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या कुठल्याही दांड्यासाठी. आत घडी केलेला कागद : वजन ७ ग्रॅम, ट्रॅकिंग फोर्स (सुईचा रेकॉर्डवरचा भार) १.५ ते २ ग्रॅम, लोड ४७ किलोओहम, कम्प्लायन्स १२. लोडचा आकडा तेवढा ठळक छापला आहे, जो जवळजवळ प्रत्येक एमएम कार्ट्रिजला तोच असतो आणि जो कोणी विचारत नाही. जो विचारावा लागतो तो नुसता '१२'. बाराच्या पुढे एकक आहे, पण मोजणी १० हर्ट्झला केली की १०० हर्ट्झला, ते नाही. माझा प्रश्न पहिल्या फोनपासून एवढाच आहे.

माझा टोनआर्म सत्तरच्या दशकातला आहे, एस आकाराचा, चांगला दणकट. त्याच्या पुस्तिकेप्रमाणे इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईला जाणवणारं आर्मचं वस्तुमान, हेडशेलसकट (कार्ट्रिज बसतं तो पुढचा तुकडा) २२ ग्रॅम. त्यात तुमचे ७, स्क्रू-नटांचा १, झाले ३०. आर्म आणि सुई मिळून कुठल्या हर्ट्झला आपोआप डुलतात, तो हिशोब सगळ्यांना पाठ असतो : एकूण वस्तुमान गुणिले कम्प्लायन्स, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्यानं भागायचं. बारा हा आकडा १० हर्ट्झचा असेल तर ३० गुणिले १२ म्हणजे ३६०, आणि उत्तर येतं ८.४ हर्ट्झ. ८ ते १२ च्या सुरक्षित पट्ट्यात काठावर का होईना, पण बसतं. याच भरवशावर मी खरेदी केली.

पण तो १०० हर्ट्झचा असेल, जशी जपानी कंपन्यांची पद्धत आहे, तर १० हर्ट्झला तो दीडपट ते दुप्पट धरावा लागतो. मी मधला, २० धरला. ३० गुणिले २० म्हणजे ६००. उत्तर ६.५. दीडपट धरा नाहीतर दुप्पट, सातच्या वर काही ते जात नाही. आणि सातच्या खाली कोण राहतं हे तुम्हाला माहीत आहे : वाकलेल्या रेकॉर्डींचे हेलकावे.

आता माझ्याकडे काय होतं ते सांगतो. पहिल्याच संध्याकाळी एक किंचित बाक आलेली रेकॉर्ड लावली. बाक म्हणजे टेबलावर ठेवली तर कडेखाली जेमतेम एक पोस्टकार्ड सरकेल इतकाच. आधीच्या कार्ट्रिजवर ती वर्षानुवर्षं विनातक्रार वाजते. गाणं सुरू व्हायच्या आधीच वूफरचा पडदा आत-बाहेर व्हायला लागला, आवाज काहीच नसताना, दम लागलेल्या माणसाच्या छातीसारखा. टॉर्च घेऊन शेजारी बसलो. बाक सुईखाली आला की कार्ट्रिजचं पोट खाली यायचं, कँटिलिव्हर (हिरा बसवलेली बारीक दांडी) जवळजवळ सपाट व्हायचा, मग अख्खा आर्म उचलला जायचा आणि बाक निघून गेल्यावरही दोन-तीन वेळा डुलत राहायचा. लांबवलेला सूर थरथरत होता. चौथ्या मिनिटाला पोटाची कड रेकॉर्डला घासली. तो आवाज ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

मग टेस्ट रेकॉर्ड लावली. दहा, नऊ, आठ हर्ट्झच्या पट्ट्यांवर शांत. सातवर सुई डुलायला लागली, सहावर सूर गुरगुरला आणि आर्म डोळ्यांना दिसेल इतका हलला. म्हणजे कागदावर काढलेले साडेसहा डोळ्यांनी पाहिले. तुमचा बारा १०० हर्ट्झचाच आहे. मला कळलंय ते. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, कारण त्याशिवाय 'चुकीची माहिती दिली' म्हणून परतावा मागता येत नाही.

कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो, कारण सहाही वेळा विचारलं गेलं : होय, सुई नीट बसवली आहे. ओव्हरहँग, म्हणजे सुईची आर्मवरची जागा, प्रोट्रॅक्टरच्या मापपट्टीवर तपासला, ६६ आणि १२०.९ मिलिमीटरच्या दोन्ही बिंदूंवर कँटिलिव्हर रेघेला समांतर आहे. फोर्स डिजिटल काट्यावर मोजून १.८. आर्मला आत ओढणारा जोर तोलणारं अँटीस्केट लावलेलं आहे. चारही वायरी, पांढरी-निळी-लाल-हिरवी, आपापल्या पिनांवर आहेत.

तर आजचा फोन. हा संवाद मी जसाच्या तसा देतो, कारण रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच ('गुणवत्तेसाठी हा कॉल ध्वनिमुद्रित केला जाऊ शकतो', हे मी सहा वेळा ऐकलं आहे).

मी विचारलं, "कम्प्लायन्स कुठल्या फ्रीक्वेन्सीला मोजला आहे? दहा हर्ट्झ की शंभर?"

पलीकडून टकटक ऐकू आली. मग, "सर, तुमच्याकडे वीज ५० हर्ट्झ आहे की ६० हर्ट्झ?"

मी म्हटलं, विजेचा काही संबंध नाही.

"सर, हर्ट्झ तुम्हीच म्हणालात ना?"

मी म्हटलं, म्हणालो. सुईच्या लवचिकतेबद्दल म्हणालो.

"सर, आमची सुई लवचिक नाहीये. एकदम मजबूत आहे. हिऱ्याची असते."

इथे मी एक दीर्घ श्वास घेतला. हिरा टोकाला असतो, लवचिकपणा त्यामागच्या रबराचा असतो, हे मी ज्या शांतपणे सांगितलं त्याचं मला अजूनही कौतुक वाटतंय. त्यावर, "रबराचा पार्ट आमच्याकडे सुटा मिळत नाही सर," आणि बासरी.

बासरीनंतर वरिष्ठ आले. त्यांचा आवाज भारदस्त होता, त्यामुळे उगाच आशा वाटली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं : २२ ग्रॅम, ७ ग्रॅम, बारा, सुई डुलते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "हां, हां. सुई उडतेय तुमची. सोपं आहे. हेडशेलवर एक नाणं ठेवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. विचारलं, काय ठेवू?

"नाणं. कुठलंही चालेल. आमच्या घरी वडील तेच करायचे."

तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मग झालं तर." आणि तुमच्या संगणकात माझी तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली. तसा मेसेज मी फोन कानाला धरलेला असतानाच आला.

महोदय, नाणं तीन ग्रॅमचं धरा. माझे १.८ आणि ते ३, सुईवर ४.८ ग्रॅम. तुमच्याच कागदावर कमाल मर्यादा २ लिहिली आहे. बरं, काउंटरवेट मागे सरकवून भार परत १.८ वर आणला, तरी वस्तुमान ३० चं ३३ झालं आणि साडेसहाचे झाले ६.२. म्हणजे ज्या खड्ड्यातून बाहेर काढायला तुम्हाला फोन केला, तो खड्डा तुमच्या वरिष्ठांनी आणखी खणायला सांगितला. वर वडिलांच्या नावानं.

माझ्या बाजूनं जे जमलं ते मी केलं. पदरचे पैसे घालून हलकं हेडशेल आणलं, चार ग्रॅम कमी झाले. साडेसहाचे सात झाले. वर्गमूळ असतं ना मध्ये, चार ग्रॅम काढले की अर्धा हर्ट्झ हाती लागतो. तुमच्या कार्ट्रिजला दहा हर्ट्झवर आणायचं तर आर्म साडेचार ग्रॅमचा लागेल. आर्म कसला, काडीच ती. आठवर भागवायचं म्हटलं तरी १२ ग्रॅमच्या आतला हवा. सत्तरच्या दशकातले हलके आर्म होते की, तेव्हा फॅशनच होती मऊ सुई आणि हलक्या आर्मची. त्यांच्यावर हे कार्ट्रिज छान वाजेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आवाज चांगला आहे. सपाट रेकॉर्डवर पाच मिनिटं ऐकला तेव्हा राग क्षणभर विसरलो होतो. म्हणूनच जास्त चीड येते. वस्तू वाईट नाही. 'सर्व टोनआर्मसाठी' हे दोन शब्द खोटे आहेत.

आणि हे तुमच्याकडून व्हावं! माझ्याकडे तुमच्याच कंपनीचं तीस वर्षांपूर्वीचं कार्ट्रिज आहे, वर ज्याचा 'आधीचं' म्हणून उल्लेख केला तेच. त्याचा कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर कम्प्लायन्सच्या शेजारी स्वच्छ छापलं आहे : १०० हर्ट्झला. तेव्हा माहीत होतं तर मधल्या काळात विसरलात कसे? की जड आर्मवाले गिऱ्हाईक सुटू नये म्हणून तो एक शब्द गळाला? डेनॉन कंपनीचं डीएल-१०३ कार्ट्रिज साठच्या दशकात एनएचके या प्रसारण संस्थेसाठी तयार झालं. डेनॉनवाले आजही कम्प्लायन्स ५ असा आकडा देतात आणि १०० हर्ट्झला मोजल्याचं सांगतात. वजन ८.५. माझ्या आर्मवर मांडून पाहिलं, साडेनऊच्या वर येतं. त्याचा आउटपुट इतका बारीक की वेगळी सोय करावी लागते, पण निदान काय विकत घेतोय ते कळतं. तीस वर्षं तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं कार्ट्रिज या घरात आलं नव्हतं. आता येईल.

परतावा नाकारताना तुमचं कारण 'सुई वापरलेली आहे'. न वापरता ती डुलते हे कसं कळणार होतं? तुमच्या कागदावरून तर कळत नव्हतं, त्याचीच तर तक्रार आहे.

मला हवं ते असं. पूर्ण पैसे परत. हेडशेलचेही मागितले असते, पण ते मी ठेवून घेतो. आणि खोक्यावर एक ओळ : '१२ ग्रॅमपेक्षा जड आर्मसाठी नाही'. शाई फार लागणार नाही, ४७ किलोओहम थोडे कमी ठळक केलेत तर त्यातच भागेल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हेच पत्र घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. तिथे हिशोब करून दाखवायला मला फळा आणि खडू पुरे.

उत्तर फोनवर देऊ नका. आणि हेडशेलवर नाणं ठेवणं हा जर कंपनीचा अधिकृत सल्ला असेल, तर तोही लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी पाठवा.

आपला,
(अजून पंधरा दिवस) ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही माहितीपत्रकांच्या झेरॉक्स, टोनआर्मच्या पुस्तिकेतलं वस्तुमानाचं पान. नाणं जोडलेलं नाही.