मंगळवारी फोन का बंद होता

प्रिय ताई,
सा. नमस्कार.

मंगळवारी तू सात वेळा फोन केलास आणि सातही वेळा तो बंद लागला. रात्री बोललो तेव्हा तुझ्या आवाजावरूनच कळलं, तुझ्या मनात काय येऊन गेलं ते. माझा फोन बंद म्हणजे मी कुठेतरी पिऊन पडलोय, हे इतकी वर्षं खरंच होतं. तुझं काही चुकलं नाही. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. त्या वेळी मी दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या मीटिंगला बसलो होतो. तिथे सगळेच फोन बंद ठेवतात.

दारू सोडून आज 112 दिवस झाले. आधी बोललो नाही, कारण "सोडली" हे तुला याआधी चारदा सांगून झालंय.

त्या चारही वेळा मी खोलीचं दार लावून, दात-ओठ खाऊन सोडली होती. शेवटच्या वेळी दुसऱ्या रात्री हात इतके थरथरायला लागले की पाण्याचा पेला धरवेना. भिंतीवर नसलेलं काहीतरी हलताना दिसायला लागलं. यंदा आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून ते दिवस औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व घेत त्यांच्या देखरेखीखाली काढले. कुणाला दारू सोडायची असेल तर हे पहिल्यांदा सांग, ताई. ग्रुप खूप काही देतो, पण औषधोपचार करत नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता एकटे राहू नका. घराजवळचा ग्रुप शोधा."

दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात, त्या संस्थेचं नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. तिच्या मीटिंग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, याची यादी मिळते आणि हेल्पलाइनचा नंबरही असतो. तो नंबर मी तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. शेवटी लावला, तर पलीकडचा माणूस नाव न विचारताच म्हणाला, "मीही त्यातलाच आहे. आज घेतलीयस का?" अशा आपुलकीने हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

पहिल्या ग्रुपमध्ये सगळे माझ्या दुप्पट वयाचे, त्यांचं निम्मं बोलणं मला कळेना. दुसरा चांगला होता, पण दोन बस बदलून जावं लागे. तलफ आलेल्या माणसाला तेवढं निमित्त पुरतं. तिसरा घरापासून चालत दहा मिनिटांवर. जुने लोक सांगतात, एका मीटिंगवरून ठरवू नकोस, पाच-सहा ठिकाणी जाऊन बघ. आणि जवळचा घे, म्हणजे वाईट दिवशीही पाय आपोआप तिकडे वळतील. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलंय.

तिथे फी नाही, हजेरीपट नाही. आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा असली की झालं. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी सल्ला देत नाही. तिसऱ्या आठवड्यात माझी पाळी आली आणि परक्या भाषेत मला शब्दच सापडेनात. मीटिंग चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुझ्या भाषेत बोल. मग मी मराठीत बोललो. आईच्या आजारपणात मी कुठे होतो, ते सगळं. कुणाला एक अक्षर कळलं नसेल, पण कुणी हललंही नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली.

हे सगळं सुरू कसं झालं माहीत आहे? 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस कामासाठी आला होता. काम फिसकटलं. परकं गाव, हॉटेलात एकटा, समोर बार. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. बारकडे न जाता तो फोनकडे गेला आणि आपल्यासारखा दुसरा कुणी पिणारा या गावात भेटेल का, अशी चौकशी करत राहिला. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. पंधराच मिनिटं देईन म्हणणारे बॉब त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसले. त्यानंतरही ते एकदा घसरलेच. 10 जून 1935 ला त्यांनी शेवटची घेतली आणि तोच दिवस संस्थेचा जन्मदिवस मानतात. परक्या गावात फोन हातात धरून बसलेला तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

बाबा विचारतील, हा कुठला पंथ आहे का? नाही. दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर येतो, पण "आम्हाला उमगला तसा". माझ्यासाठी सध्या मीटिंगची ती खोलीच पुरेशी आहे.

आता तुझ्याविषयी. माझ्या बाटल्या ओतून देणं, ऑफिसात माझ्यासाठी खोटं बोलणं, रात्र रात्र फोनपाशी बसणं, हे सगळं तू केलंस. घरच्यांसाठीही ग्रुप असतात, अल-अनॉन नावाचे. बिलच्या पत्नीने, लोइसने, 1951 मध्ये ते सुरू करण्यात पुढाकार घेतला. माझ्या पिण्याला तू कारण नव्हतीस आणि ते थांबवणं तुझ्या हातातही नव्हतं, हे मी कितीही सांगितलं तरी तुला पटणार नाही. तेच भोगलेल्या बायकांकडून ऐक. तुझ्या जवळपास कुठे ग्रुप आहे ते मी शोधून कळवतो. मी पुढे सोबर राहो न राहो, तू जा.

बाबांना मीच सांगेन. तोवर हे पत्र तुझ्यापाशी ठेव.

मंगळवार आणि शुक्रवार, माझ्या इथल्या सात ते आठ, फोन बंद असतो. खुर्च्या लावायचं काम आता माझ्याकडे आहे, म्हणून साडेसहालाच जातो. आठ वाजले की मीच तुला फोन करीन.

तुझा,
धाकटा